हललेला हात

मरीन परेड, सिंगापूर
१२ जानेवारी २०२५

ती. नंदाताई,

सविताचा नमस्कार. परवा संक्रांत. तिळगूळ पाठवणार होते, पण टपालात त्याचं काय होतं ते गेल्या वर्षी पाकीट फोडल्यावर तुम्ही पाहिलंच आहे. तेव्हा या वेळी कागदावरच घ्या आणि गोड बोला.

मी पत्र का लिहिते म्हणून शिरीष हसत असेल. हसू दे. फोनवर तुम्ही "ऐकू येत नाही गं" म्हणून ठेवून देता, आणि व्हॉट्सअपवर काही पाठवलं की तो ते सगळ्या घराला ऐकू जाईल अशा आवाजात वाचून दाखवतो. भावजयीनं नणंदेला काय लिहिलं हे तिच्या मुलाला कळायलाच हवं असं नाही.

इकडे चिनी नववर्षाची तयारी चालली आहे. आमच्या बिल्डिंगच्या लॉबीत संत्र्यांची झाडं आणून ठेवली आहेत, त्यांना लाल फिती. आमची गार्गी तिच्या संशोधनासाठी क्लेमेंटीला मैत्रिणींबरोबर राहायला गेली, त्यामुळे घर मोठं वाटतं. प्रबोध बरा आहे. दवाखान्यात काम खूप असतं. एवढ्या वर्षांनीही सगळ्यांना मोतीबिंदू काढायला तोच हवा असतो.

माझं सांगते. बँकेतली नोकरी सोडल्यापासून मी इथल्या एका संग्रहालयात आलेल्या लोकांना माहिती सांगायचं काम करते. सध्या प्रदर्शन आहे एकोणिसाव्या शतकातल्या फोटोंचं. मुंबई, मद्रास, पेनांग आणि इथले स्टुडिओ. सगळी माणसांची चित्रं. तुम्ही चित्रकला शिकवलीत, तुम्हांला फार आवडलं असतं. त्या काळी फोटोला बराच वेळ हलायचं नसे, म्हणून माणसाच्या मानेमागे लोखंडी स्टँडचा चिमटा लावायचे. पागोट्याआड, पदराआड तो लपतो, पण नीट पाहिलं की बुटांमागे त्या स्टँडचे पाय दिसतात. शाळेची मुलं येतात ती हटकून विचारतात, कुणीच हसत का नाही. मी सांगते, तुम्ही दहा सेकंद हसू धरून दाखवा. धरायला जातात आणि मग त्यांनाच कळतं.

मुंबईचं एक जोडपं आहे. नवरा उभा, बायको खुर्चीत बसलेली, पायांत बूट, मांडीवर पुस्तक. खाली नाव नाही. नवऱ्यादेखत खुर्चीवर बसली म्हणून तिला घरी काय काय ऐकावं लागलं असेल, याचा मी रोज विचार करते. आणि इथल्या एका स्टुडिओचे तीन फोटो आहेत, तीन वेगळी माणसं, नुकतीच बोटीतून उतरलेली. तिघांच्या अंगात एकच कोट. दुसरं बटण तुटलेलं आहे त्यावरून कळतं. स्टुडिओवाला कोट द्यायचा, शेजारी घड्याळ ठेवायचा, फोटो गावाकडे आईला जायचा. मुलाचं बरं चाललं आहे हे तिनं बघावं म्हणून.

आम्हीही पंचवीस वर्षं तुम्हांला फोटोच पाठवत आलो, नाही का.

असो. इथे मिस्टर लिओंग म्हणून एक गृहस्थ आहेत, ते अजून त्या जुन्या पद्धतीनं काचेवर फोटो काढतात. प्रदर्शनापुरती त्यांना मागची खोली दिली आहे. आमच्या लग्नाला डिसेंबरात तीस वर्षं झाली, म्हणून मी प्रबोधच्या मागे लागले. तो तयार नव्हता. शेवटी आला. लिओंगनी विचारलं, बसणार कोण आणि उभं कोण राहणार? प्रबोध म्हणाला, "त्या काळी पुरुष बसायचे ना? मग मी बसतो." मी मागे उभी राहिले, त्याच्या खांद्यावर हात ठेवून. दोघांच्या मानेमागे चिमटे. लिओंग काळ्या कापडाखाली गेले, म्हणाले, "डॉक्टर, डोन्ट मूव्ह हां," आणि भिंगावरचं झाकण काढलं.

काच काळ्या मखमलीवर ठेवली की चित्र उमटतं. चेहरे सुरेख आले आहेत. प्रबोधच्या कपाळावरची प्रत्येक आठी दिसते. त्याचा गुडघ्यावरचा डावा हात मात्र हलला. हाताच्या जागी नुसतं धुकं. "डास चावला," म्हणाला. लिओंग म्हणाले, पुन्हा काढू. चांगला आला की तुम्हांला प्रत पाठवते.

सहज आठवलं म्हणून विचारते. दादांचा शेवटच्या काही वर्षांतला एकही फोटो आपल्याकडे नाही, तो का? मी लग्न होऊन आले तेव्हा ते व्हरांड्यात बसलेले असायचे, मांडीवर शाल. एप्रिलमध्येसुद्धा शाल. मी नवी सून, सासऱ्यांना कसं विचारणार, विचारलं नाही.

उत्तर सवडीनं लिहा, पण लिहा.

तुमची
सविता


मरीन परेड, सिंगापूर
९ फेब्रुवारी २०२५

ती. नंदाताई,

तुमचं पत्र गुरुवारी आलं. स्वयंपाकघरात उभ्यानं वाचलं, मग गॅस बंद करून पुन्हा वाचलं.

तुम्ही एका ओळीत उत्तर देऊन मोकळ्या होऊ शकला असतात. तसं केलं नाहीत. दादांच्या उजव्या हाताची थरथर पहिल्यांदा पाहिलीत तेव्हा तुम्हांला वाटलं, त्यांना राग आला आहे. पुढे सगळं घर त्या शालीकडे न बघायला शिकलं. आणि आमच्या लग्नाआधी दोन वर्षं त्यांची दाढी प्रबोध करून द्यायचा, कॉलेजला जाण्याआधी, दार लावून घेऊन. हे तीस वर्षांत मला त्यानं कधी सांगितलं नव्हतं.

म्हणजे त्याला सगळं माहीत आहे.

मागच्या पत्रात मी लिहिलं की त्याचा डावा हात हलला. ते चुकलं. ते असं झालं. संक्रांतीचं हळदीकुंकू अश्लेषाकडे होतं, बुकित तिमाहला. अश्लेषा म्हणजे माझी इथली सर्वांत जुनी मैत्रीण, तुम्ही तिच्या हातची सांदणं खाल्ली आहेत. मी तिला माझ्या मोबाइलमध्ये आमचा काचेवरचा फोटो दाखवला. ती म्हणाली, "अगं, पदर उजव्या खांद्यावर? हे कधीपासून?" मी हसून तिला समजावायला लागले, जे मी प्रदर्शनात दिवसातून चार वेळा सांगते: काचेवरचं चित्र आरशासारखं उलटं येतं, डावं ते उजवं दिसतं. त्या काळच्या सगळ्या बायकांचे पदर असेच उलटे, सगळ्या पुरुषांच्या अंगरख्यांचे बंद उलट्या बाजूला. हे सांगता सांगता मी मध्येच थांबले. अश्लेषाला वाटलं, कुणी आलं म्हणून थांबले.

पदर उलटा असेल तर हातही उलटा. तो त्याचा उजवा हात आहे, ताई. ज्यानं तो डोळ्यात सुरी धरतो तो.

आणि त्याच बैठकीत अश्लेषानं सांगितलं की तिच्या आईनं, म्हणजे काकूंनी, अखेर मनाची तयारी केली. त्या पुण्याहून डिसेंबरात आल्या आहेत. त्यांचा एक डोळा काचबिंदूनं पूर्वीच गेला. उरलेल्या एकात आता मोतीबिंदू आहे. इतकी वर्षं भीतीनं पुढे ढकलत होत्या. "प्रबोध करणार असेल तर करते, नाहीतर अशीच मरते," म्हणाल्या. त्या तिथेच बसल्या होत्या. माझा हात शोधून धरला आणि म्हणाल्या, "तुझ्या नवऱ्याला सांग, एवढा एकच आहे माझा."

दुसरा फोटो काढायला प्रबोध आपणहून आला. घरून जाडजूड पुस्तक घेऊन आला आणि बसताना ते दोन्ही हातांनी मांडीवर घट्ट धरलं. प्रदर्शनातल्या निम्म्या माणसांच्या हातात पुस्तक असतं, काठी असते, खुर्चीचा हात असतो. लोकांना वाटतं ती ऐट. ऐटही आहेच, पण रिकामा हात हलतो म्हणूनही ते काहीतरी हातात द्यायचे. हे त्याला मीच कधीतरी जेवताना सांगितलं होतं. काच धुऊन झाली. पुस्तकाची उजवीकडची कड दुहेरी आली होती, दोन पुस्तकं एकावर एक ठेवल्यासारखी. लिओंगनी ती पुन्हा एकदा उजेडात धरली. प्रबोध म्हणाला, "तुमची काच खराब दिसते."

चार दिवसांनी मी दोन्ही काचा आणायला गेले तर लिओंग जरा घुटमळले. म्हणाले, "डॉक्टरांचा फोन आला होता. पुसून टाका म्हणाले." काचेवरचं चित्र खरवडून पुसता येतं, पूर्वी काच महाग म्हणून नको असलेली माणसं पुसून त्याच काचेवर दुसरी काढत. मी विचारलं, मग पुसलंत? ते म्हणाले, "काचेवर तुम्ही दोघं आहात. दोघांनी सांगितलं तर पुसतो." मी त्या कापडात गुंडाळून घरी आणल्या आणि माझ्या कपाटात ठेवल्या. त्यानं विचारलं नाही, मी सांगितलं नाही. नववर्षाच्या सुट्टीत लोक आले, संत्री देऊन गेले, आम्ही दोघं दारात उभं राहून सगळ्यांना हसून निरोप दिला.

मग तुमचं पत्र आलं. शुक्रवारी सकाळी तो कॉफी घेत होता. कप डाव्या हातात. उजवा हात खिशात. किती दिवसांपासून तो असाच कॉफी घेतो, हे मी आठवून पाहिलं आणि मला आठवलं नाही. मी त्याला सरळ विचारलं.

"उजवा हात बाहेर काढ."

"का?"

"टेबलावर ठेव. नुसता ठेव."

त्यानं ठेवला. आम्ही दोघं त्याच्याकडे बघत राहिलो. अंगठा आणि बोट एकमेकांवर घासत होते, गोळी वळावी तसे.

"ठेवलेला असला की हलतो," तो म्हणाला. "काम सुरू केलं की थांबतो. हे बघ." कप उजव्या हातात घेतला, उचलला, खाली ठेवला. खरंच हलला नाही. "तू डॉक्टर नाहीस, सविता. मायक्रोस्कोपखाली मला सगळं दिसतं. हात हलला तर सगळ्यांत आधी मलाच दिसेल."

"दाखवलंस कुणाला?"

"कुणाला दाखवू? दाखवलं की संपलं."

"काकूंचा तो एकच डोळा आहे."

"म्हणूनच," म्हणाला. "तो मी दुसऱ्या कुणाच्या हातात देणार नाही."

त्याचं ते बोलणं खोटं नव्हतं, ताई. तेच तर अवघड आहे. त्याला खरोखर वाटतं की त्याच्याइतकं जपून कुणी करणार नाही. आणि तेवीस वर्षं ते खरं होतं.

मी तुमच्या पत्राचं सांगितलं. दादांचं नाव काढल्यावर तो उठला. सिंककडे तोंड करून उभा राहिला. मग म्हणाला, "कुणाशी बोललीस?"

"नाही."

"बोलू नकोस." आणि थोडं थांबून, "माझ्यासाठी." लग्नानंतर त्यानं माझ्याकडे असं काही मागितल्याचं मला आठवत नाही.

आता एक गोष्ट, जी मागच्या पत्रात लिहिली नाही. पहिला फोटो काढताना माझा तळहात त्याच्या खांद्यावर होता. लिओंगनी झाकण काढलं आणि मला खालून बारीक कंप जाणवला, बसचं इंजिन चालू असताना खिडकीला असतो तसा. मी काय केलं माहीत आहे? खांदा जोरात दाबून धरला. फोटो बिघडू नये म्हणून. म्हणजे डासाचं त्यानं सांगितलं त्याआधीच मला कळलं होतं.

ऑपरेशन येत्या बुधवारी आहे. हे पत्र तुमच्या हाती पडेल तेव्हा बुधवार उलटून गेलेला असेल, म्हणजे मी तुमचा सल्ला मागत नाही. तुम्हांला फोन करून ओरडून सांगायची ही गोष्ट नाही, आणि इथे कुणाला सांगितलं तर संध्याकाळपर्यंत ती अख्ख्या महाराष्ट्र मंडळात फिरेल. त्याच्या हाताखाली आजवर गेलेला प्रत्येक माणूस घरी जाऊन आरशात आपला डोळा बघेल. अश्लेषाला नुसतं "थांब" म्हटलं तरी ती विचारेल, का? आणि काही न बोलता मी बुधवारी बाहेरच्या बाकावर अश्लेषाशेजारी जाऊन बसणार का, तिचा हात धरून?

त्याला मी मंगळवार दुपारपर्यंतची मुदत दिली आहे. तो हसला. मुदत संपल्यावर काय, हे त्यानं विचारलं नाही, आणि मलाही तेव्हा माहीत नव्हतं.

हे वाचून झाल्यावर फाडून टाका.

सविता


मरीन परेड, सिंगापूर
२ मार्च २०२५

ती. नंदाताई,

काकूंचा डोळा चांगला आहे. हे सगळ्यांत आधी लिहिते, म्हणजे पुढचं तुम्ही श्वास रोखून वाचणार नाही. आता त्या अश्लेषाच्या बाल्कनीतून समोरच्या शाळेतली मुलं मोजतात. ऑपरेशन प्रबोधनं केलं नाही. डॉक्टर चियांनी केलं. त्या त्याच्या दवाखान्यातल्या भागीदार, त्याच्याहून धाकट्या, त्याच्याकडेच शिकलेल्या. काकू अजून कुरकुरतात की आपल्या माणसानं केलं नाही.

तुमचं पत्र पोचलं. तुम्ही विचारलंत, बुधवारी काय झालं. बुधवारी काही झालं नाही. जे झालं ते मंगळवारी.

सकाळी निघताना मी त्याला दारात पुन्हा विचारलं. तो म्हणाला, "मी करणार आहे." बूट घालायला त्याला वेळ लागत होता आणि मी बघते आहे हे त्याला आवडत नव्हतं. दुपारपर्यंत मी फोन समोर घेऊन बसले. वाजला नाही. मग मी पहिली काच कपाटातून काढली, कापडात गुंडाळली, पिशवीत घातली आणि एमआरटीच्या गाडीनं दवाखान्यात गेले. मंगळवारी दुपारी तो दुसऱ्या इमारतीत तपासायला असतो, ते मला माहीत होतं. मी ती वेळ साधली. हे मुद्दाम लिहिते. मी अचानक भावनेच्या भरात गेले नाही.

डॉक्टर चिया जेवणाचा डबा उघडत होत्या. मी काच त्यांच्या टेबलावर ठेवली. खाली पांढरे कागद होते, त्यामुळे तिच्यावर काही धड दिसेना, नुसते डाग. त्यांना कळेना मी काय आणलं आहे. मग त्यांनी बाजूची काळी फाइल ओढून काचेखाली सरकवली आणि आम्ही दोघं उमटलो. त्यांनी बराच वेळ पाहिलं. चेहऱ्यांकडे नाही.

"कुठला हात?"

"उजवा. काचेवर उलटं दिसतं."

"ही एकच वेळ?"

"दुसऱ्या खेपेला पुस्तक धरलं होतं. तेही हललं."

त्यांनी डब्याचं झाकण लावलं. म्हणाल्या, "दिवाळीपासून अवघड पेशंट सर माझ्याकडे पाठवत आहेत. मला वाटलं, मला पुढे आणत आहेत. मी आईला घरी जाऊन सांगितलं होतं, माझे सर किती मोठ्या मनाचे आहेत." त्यांचे डोळे भरले होते. मग एकदम डॉक्टर होऊन त्यांनी फोन उचलला, बुधवारची यादी बदलायला सांगितली. आणि मला म्हणाल्या, "त्यांना मी सांगेन की मला स्वतःलाच दिसलं. तुम्ही आलात हे कळायची गरज नाही. घर तरी राहू द्या."

मी हो म्हटलं. ताई, मी लगेच हो म्हटलं. काच तिथेच सोडून निघाले, पुन्हा मागितली नाही.

तो साडेसहाला घरी आला. रोज येतो तसा हात धुऊन सोफ्यावर बसला. त्यानं उजवा हात खिशात घातला नाही. मांडीवर उघडा ठेवला आणि हलू दिला. मला वाटलं आता ओरडेल. तो म्हणाला, "चियानं मला काढलं. उद्याची यादी तिच्याकडे. तिच्या लक्षात आलं म्हणे." मी पाणी आणून दिलं. तो प्यायला. "मी तिला शिकवलं," म्हणाला, "म्हणून तिला दिसलं. चांगली नजर आहे पोरीची." आणि मग माझ्याकडे वर बघून, फार मऊपणानं, "बरं झालं, तू बोलली नाहीस. तुझ्याकडून गेलं असतं तर मला नसतं सहन झालं."

तिथे गप्प बसता आलं असतं. डॉक्टर चियांनी तेवढ्यासाठीच तर सोय करून ठेवली होती. मला आयुष्यभर गप्प बसता आलं असतं, आणि तो माझ्या शेजारी बसून त्याचा आजार निभावून नेत राहिला असता. माझ्यावर विसंबून. मी त्याच्या हातातला ग्लास घेतला आणि म्हटलं, "मी गेले होते तिच्याकडे. मी काच नेली."

त्याला आधी समजलंच नाही. "कुठली काच?" म्हणाला.

मी सांगितलं. दुपारपासूनचं सगळं, क्रमानं. तो ऐकत होता. हात हलत होता. शेवटी म्हणाला, "मी उद्या सकाळी तिलाच सांगणार होतो. हात धुवायला उभा राहिलो की म्हणणार होतो, तू कर. मी ठरवलं होतं."

"मग मला का नाही सांगितलंस?"

"तू मुदत दिली होतीस ना."

हे खरं की तेव्हा सुचलेलं, मला कधीच कळणार नाही. डॉक्टर चियांनाही तो काही बोललेला नव्हता. कधी वाटतं, तो हातमोजे घालून त्या काकूंच्या डोळ्यावर वाकलाच असता. कधी वाटतं, नाही, हा तोच मुलगा ज्यानं दार लावून वडिलांची दाढी केली, एकदाही कापलं नाही. तो थांबला असता. आणि मी त्याची स्वतःहून थांबायची संधी एका रात्रीनं चुकवली. दोन्ही गोष्टी मला पूर्ण खऱ्या वाटतात, दिवसाच्या वेगवेगळ्या वेळी. तो मंगळवार परत आला तरी मी तेच करीन. हेही तुम्हांला सांगून ठेवते.

त्या दिवसापासून तो गार्गीच्या खोलीत झोपतो. भांडत नाही. "भाजी संपली आहे," "वीजबिल आलं आहे," एवढं बोलतो. गार्गीला सांगावं लागलं. ती क्लेमेंटीहून तडक आली. तो तिला म्हणाला, नंतर बघू. ती तिच्या सिंगापुरी इंग्रजीत म्हणाली, "पपा, नंतर आल्सो कॅन टॉक. नाऊ वी गो सी डॉक्टर, कॅनॉट लाइक धिस लाह." त्याच्याशी असं बोलायची माझी हिंमत झाली नसती. तो गेला. तपासण्या झाल्या. पार्किन्सन्स आहे. हा शब्द मी दोन पत्रांत एकदाही लिहिला नाही, तुम्हीही तुमच्या दोन्ही पत्रांत लिहिला नाहीत. आपण दोघी शिकलेल्या बायका. औषधं सुरू झाली आहेत. सुरुवातीचं आहे, बरीच वर्षं चांगली जातात म्हणतात. ऑपरेशन त्यानं सोडलं. चियांनी त्याला शिकवायला या म्हणून सांगितलं आहे. त्यानं हो-नाही काही म्हटलेलं नाही.

प्रदर्शन गेल्या रविवारी संपलं. शेवटच्या दिवशी एक मद्रासी बाई त्या कोटवाल्या तिघांसमोर उभ्या राहून मला म्हणाल्या, "यांच्या आयांना कोट उसना आहे हे कळलं असेल का हो?" मी रोज काहीतरी सांगते. त्या दिवशी म्हटलं, कळलं असणार. आणि त्यांनी तो फोटो तरीही भिंतीवर लावला असणार.

आता ज्यासाठी हे पत्र. प्रबोध तुमच्याकडे येतो आहे. येत्या गुरुवारचं विमान आहे, मुंबईहून शिरीष त्याला सांगलीला आणेल. हे पत्र मी कुरिअरनं पाठवते आहे, म्हणजे त्याच्या आधी पोचेल. परतीचं तिकीट काढलेलं नाही. मी विचारलं, किती दिवस? तो म्हणाला, "ताईकडे जातो." एवढंच. त्यानं जे सांगितलं तेच मी तुम्हांला सांगते, माझ्याकडून काही घालत नाही.

तो माझ्याबद्दल बोलला तर ऐकून घ्या. माझी बाजू मांडू नका, मागच्या पत्रात "मी त्याला समजावते" लिहिलंत, ते नको. समजावलेला नवरा मला परत नको. नाही बोलला तरी चालेल. व्हरांड्यात बसू द्या, पण मांडीवर शाल देऊ नका. मागितली तरी देऊ नका. हात दिसू द्या. घरात मुलं आहेत, ती विचारतील, त्याला उत्तर देऊ द्या.

आणि एक. सकाळी कपडे करायला तो फार वेळ घेतो, दार लावून. सदऱ्याची वरची दोन बटणं त्याला लागत नाहीत. म्हणून तो हल्ली गळा उघडा ठेवून फिरतो आणि उकडतं म्हणतो. मी पुढे झाले की मागे सरकतो. तुम्ही त्याला लहानाचं मोठं केलंत. तुमच्याकडून तो लावून घेईल.

ज्या दिवशी त्यानं लावू दिली, त्या दिवशी मला कळवा. दुसरं काही लिहू नका. कार्डावर एवढंच लिहा, मला पुरेल.

इथे त्याची वाट बघणारी
सविता